वाचक विचारतात, सुभेदार सांगतात : पाटीवर आकडा आहे, नावं कुठं आहेत?

प्रश्न : सुभेदारसाहेब, मी कोरेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. यंदा 16 डिसेंबरला विजय दिवस जोरात करायचा असं ग्रामपंचायतीनं आणि तरुण मंडळानं ठरवलंय. मिरवणूक, डीजे, मुलांचे गाण्यांवर नाच, पाहुण्यांच्या हस्ते सत्कार असा बेत आहे. 1971 च्या युद्धात गेलेल्या जवानाच्या पत्नी गावातच राहतात, वय सत्तरीच्या पुढे. त्यांचे पुतणे म्हणाले, काकू स्टेजवर येणार नाहीत. मंडळाच्या पोरांना त्याचा राग आलाय. दुसरं असं, की मारुतीच्या देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, इंग्रजीत. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धाला 37 माणसं गेली, त्यांतल्या 4 जणांनी प्राण दिले, एवढंच तिच्यावर आहे. ते तर इंग्रजांसाठी लढले, मग विजय दिवसाला त्यांची आठवण काढावी का? शाळेनं नेमकं काय करावं?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून ती पाटी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सदतीस गेले, चार मेले. चौघांना आईबाप होते, कुणाला बायको असेल, नाव तर प्रत्येकाला होतंच. दगड कोरणाऱ्यानं आकडा कोरला आणि छिन्नी खाली ठेवली.

अशा पाट्या आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. चावडीत, वेशीत, देवळाच्या भिंतीत. शंभर वर्षं लोक त्यांच्याखाली बसून तंबाखू मळतात. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. त्या एका गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात गेले आणि तिथं त्यांचा स्तंभ उभा आहे. पण लहान गावांच्या वाट्याला बहुतेक ही दीड हाताची पाटीच आली.

आपली माणसं गेली कुठं, तर पुष्कळशी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. माझ्या लहानपणी गावातले म्हातारे 'बसऱ्याला गेला तो गेलाच' असं म्हणायचे. बसरा म्हणजे काय ते मला पलटणीत भरती झाल्यावर कळलं. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी कूट गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916. दाणागोटा संपला, घोडी कापून खायची वेळ आली, शेवटी शरणागती. कैदेत किती मेले त्याची गणतीच वेगळी. शिपायाचा पगार महिना 11 रुपये. माण-खटावच्या कोरड्या रानातल्या पोराला तेवढा पगार पुष्कळ वाटायचा, म्हणून तो जायचा.

आता ऐका, ही गोष्ट मला फार लागते. बसऱ्याला या युद्धातल्या मृतांचं मोठं स्मारक बांधलं, चाळीस हजारांवर माणसांचं. गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची नाही कोरली. अमुक पलटण, इतके शिपाई, एवढंच. ज्या कमिशननं हे केलं, ते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, त्याचं तत्त्वच होतं की हुद्दा न बघता प्रत्येक मेलेल्याचं नाव लागावं. आमच्या शिपायापाशी येऊन ते तत्त्व थांबलं. 2021 साली त्यांनी स्वतःच चौकशी करून हे कबूल केलं आणि माफी मागितली. तुमच्या देवळातली पाटी याच हिशेबातली आहे.

पण कागदावर नावं आहेत. म्हणून बाई, शाळेला माझं पहिलं सांगणं हे : सातवीच्या पोरांना बसवा आणि त्या चौघांची नावं शोधा. या कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांची यादी फुकट बघता येते. शिपायाचा नंबर, पलटण, मेल्याची तारीख आणि कितीतरी जणांच्या पुढं बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं लिहिलेलं आहे. इंग्रज कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, त्यामुळं गावाचं स्पेलिंग पाच-सहा तऱ्हेनं टाकून बघा. आमच्या गावाचं मला चौथ्या खेपेला सापडलं. आडनाव सापडलं की गावातल्या म्हाताऱ्यांकडं जा. 'आमचा पणजा बसऱ्याला गेला होता' म्हणणारं एखादं घर निघतंच. चार सापडले नाहीत, दोन सापडले, तरी दोनांची नावं घ्या.

त्यांना विजय दिवसात घ्यावं का? माझं मत, घ्यावं, पण खरं सांगून. ते देशासाठी लढले असं पोरांना सांगू नका, तेव्हा राज्य परक्याचं होतं. पगारासाठी गेले, हुकुमानं लढले, लांब मेले, आणि त्यांच्या घरी धड कुणी काही कळवलं नाही, असं सांगा. पोरांना हे समजतं. दिल्लीचं इंडिया गेट त्यांच्याच पिढीसाठी 1931 साली उभं राहिलं. त्यावर तेरा हजारांवर नावं आहेत, तीही गेलेल्या सगळ्यांची नाहीत.

इंडिया गेटवरून माझ्या चुलतीची गोष्ट सांगतो, म्हणजे तुमच्या गावातल्या काकू का येत नाहीत ते मंडळाच्या पोरांना कळेल.

माझे चुलते 1971 ला गेले. मी तेव्हा चौदा वर्षांचा. तार आली. पोस्टमन तार वाचून दाखवायला तयार होईना, गुरुजींना बोलावलं. आजकाल पार्थिव घरी येतं, तिरंगा येतो, सलामी होते. ते कारगिलच्या युद्धापासून, 1999 पासून रूढ झालं. बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर या युद्धांत गेलेल्यांचे अंत्यसंस्कार बहुतेक तिकडंच, आघाडीच्या मागं झाले. घरी आली ती काळी पत्र्याची पेटी, वर पांढऱ्या रंगात नंबर. पेटीत कांबळं, मफलर, दाढीचं सामान आणि एक पितळी डबा. शेंगदाण्याची चटणी भरून आजीनं दिलेला. डबा घासून, पुसून, झाकण लावून ठेवलेला होता. आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात, तसं झाकणावर टिंबाटिंबांनी आजीचं नाव घातलेलं होतं. आजी ते नाव बोटानं चाचपायची आणि म्हणायची, 'माझं नाव परत आलं, त्याचं कुठाय?'

चुलती एकोणीस वर्षांची होती. तिनं ना माती पाहिली, ना राख. पुढं मी नोकरीत असताना तिला एकदा दिल्ली दाखवली. इंडिया गेटखाली अमर जवान ज्योत होती, 26 जानेवारी 1972 पासूनची, उलटी बंदूक आणि वर शिरस्त्राण. चुलतीनं हात जोडले. मग मान वर करून कमानीवरची अक्षरं बघत राहिली. तिला वाचता येत नाही. मला म्हणाली, 'ह्यात कुठं हायेत रं तुझं काका?' मला सांगावं लागलं, की ही नावं जुन्या लढाईची आहेत, काकांचं नाव इथं नाही. मग कुठं आहे, असं तिनं विचारलं. तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हतं. स्वातंत्र्यानंतर गेलेल्या सगळ्या सैनिकांची नावं एका जागी लावायला या देशाला 2019 साल उजाडलं.

25 फेब्रुवारी 2019 ला राष्ट्रीय युद्ध स्मारक खुलं झालं, तेव्हा त्यात 25,942 नावं होती. चार वर्तुळं आहेत, एकात एक. मधलं अमर चक्र, तिथं ज्योत. मग वीरता चक्र, त्याग चक्र, आणि बाहेर झाडांचं रक्षक चक्र. त्याग चक्राच्या भिंतींवर एकेका जवानाच्या नावाची एकेक ग्रॅनाइटची पट्टी आहे. इंडिया गेटची ज्योतही जानेवारी 2022 मध्ये इथल्या ज्योतीत मिळवली. त्यावर पुष्कळ वाद झाला. मला स्वतःला जिथं नावं आहेत तिथंच ज्योत असावी असं वाटतं.

स्मारक खुलं झालं त्याच वर्षी दिवाळीनंतर चुलतीला गोवा एक्सप्रेसनं साताऱ्याहून दिल्लीला नेलं. तिथल्या यंत्रावर नाव टाकलं की भिंत कोणती ते कळतं. पट्टी खांद्याच्या उंचीवर होती. चुलतीनं पदराचं टोक घेतलं आणि घरातला देवाचा फोटो पुसावा तशी ती पुसली. म्हणाली, 'वाच.' मी वाचलं, हुद्दा, नाव, पलटण. म्हणाली, 'पुन्यांदा वाच.' तीनदा वाचायला लावलं. मग पर्समधून कागदाची पुडी काढली, त्यात आमच्या शेतातली माती होती. ती तिथं टाकू देतील का, हे मला पहारेकऱ्याला विचारायचं धाडस झालं नाही. तिनंच ती मूठ रक्षक चक्रातल्या एका झाडाच्या बुडाशी सोडली.

आता याच चुलतीला त्याआधी काही वर्षं आपल्याच भागात एका कार्यक्रमाला सत्कारासाठी नेलं होतं. सकाळी नऊला बोलावलं. पाहुणे आले बाराला. तोवर ती मांडवाच्या कडेला उन्हात. नाव पुकारलं ते चुकीचं, आडनाव दुसऱ्याच कुणाचं. शाल, नारळ, फोटो, आणि लगेच 'आजी, जरा लवकर उतरा, नाचाची मुलं थांबलीत.' घरी येऊन तिनं शाल घडीही न मोडता कपाटात ठेवली. एवढंच म्हणाली, 'नाव तरी धड घ्यायचं की रं.' तुमच्या काकूंनी असं काही भोगलंय का, ते मंडळाच्या पोरांनी राग करायच्या आधी विचारावं.

म्हणून त्यांना स्टेजवर आणायचा हट्ट सोडा. सकाळी शाळाच त्यांच्या दारात जाऊ दे. पंधरा-वीस पोरं, बॅनर नको, कॅमेरा नको. आदल्या दिवशी तुम्ही एकट्या जाऊन परवानगी घ्या. पोरांनी काकूंना एकेक प्रश्न विचारावा, साधा. त्यांना खायला काय आवडायचं? शाळेत कसे होते? पोहायला कुठल्या विहिरीत जायचे? युद्धाचं विचारू नका, ते त्यांनी पाहिलेलं नाही. माणूस विचारा. पन्नास वर्षांत हे त्यांना बहुधा कुणी विचारलेलं नसेल. आणि निघताना त्यांच्याकडूनच नवऱ्याचं पूर्ण नाव बरोबर कसं उच्चारायचं ते ऐकून घ्या. नाही म्हणाल्या, तर दारावरून नमस्कार करून परत या.

मग शाळेच्या पटांगणात झेंडा, आणि नावं. त्या त्या घरातल्या पोरानं किंवा पोरीनं नाव वाचायचं : हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, पलटण, कुठं आणि कधी. महायुद्धातल्या चौघांपासून सुरुवात करा, वय त्यांचं मोठं. पलटणीत अशा वेळी बिगुलवर 'लास्ट पोस्ट' वाजतो, मग दोन मिनिटं शांतता, मग 'राउज'. तुमच्याकडं बिगुल नसेल तर देवळातली घंटा एकदा वाजवा आणि दोन मिनिटं घड्याळ लावून पूर्ण होऊ द्या. आपल्याकडं दोन मिनिटं म्हणून चाळीस सेकंदांत आटपतात.

शांततेनंतर विजय साजरा करा, आणि जोरात करा. मी दुखवट्याचा माणूस नाही. 16 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर पाकिस्तानच्या जनरल नियाझीनं आपल्या जनरल अरोरांसमोर शरणागतीवर सही केली आणि पाकिस्तानचे 93,000 जण कैद झाले. 3 डिसेंबरच्या संध्याकाळी त्यांच्या विमानांनी आपल्या तळांवर हल्ला केला, तिथून तेराव्या दिवशी. हा आनंद पोरांना झालाच पाहिजे. त्यांना जमालपूरची लढाई सांगा, कारण ती आपल्या मराठ्यांची. पहिली मराठा, जंगी पलटण, शत्रूला वळसा घालून जमालपूरच्या दक्षिणेला ढाक्याचा रस्ता अडवून बसली. आपल्या ब्रिगेडियरनं शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. पाकिस्तानी कर्नलनं उत्तर धाडलं, कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून, की पुढच्या वेळी हातात पेनाऐवजी स्टेनगन घेऊन भेटा. 10 डिसेंबरच्या रात्री त्याची माणसं वेढा फोडायला आली. मराठे जागचे हलले नाहीत. सकाळी जमालपूर पडलं. त्या रात्री आपल्या पलटणीतलेही जवान कामी आले. गोष्ट सांगताना ते गाळू नका.

लेझीम घ्या, हलगी घ्या, पोवाडा घ्या, जिलेबी वाटा. डीजे मात्र नको. काकूंच्या घरापर्यंत त्या भिंती हादरवणाऱ्या आवाजाचं काय काम? पाहुण्यांना बोलावलं तर नावं वाचताना त्यांनाही पटांगणात पोरांबरोबर उभं करा. वेळेवर आले नाहीत तर त्यांच्यावाचून सुरू करा. बांगलादेशात हाच दिवस 'बिजॉय दिबोश' असतो. तिकडंही दिवसाची सुरुवात पहाटे सावरच्या स्मारकावर फुलं वाहून होते, मिरवणुका नंतर. दिल्लीतही त्या सकाळी आधी युद्ध स्मारकावर पुष्पचक्र. हा क्रम शाळेत पाळता आला तर बाकीचं मंडळाला हवं तसं करू द्या.

एक राहिलं. तुमच्या मारुतीच्या देवळाबाहेर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, असेल तर पोरांना तोही दाखवा. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर नाव नसतं. तरी आपल्या बायका सणासुदीला त्यावर तेल-शेंदूर घालतात. पोरं विचारतील, हा कोण? तेव्हा देवळातली पाटीही दाखवा आणि यादी शोधायला बसवा.

प्रश्न : पेपरात 'शहीद' लिहितात, कुणी 'हुतात्मा', कुणी 'वीरगती'. फलकावर कोणता शब्द बरोबर?
— एक पेंटर, वाई

उत्तर : सैन्याच्या कागदपत्रांत 'शहीद' हा शब्द नाही, सरकारनं संसदेतही तसं सांगितलंय. पण लोक प्रेमानं म्हणतात, त्यांना मी टोकत नाही. 'हुतात्मा' म्हटलं की आपल्या मनात स्वातंत्र्याची चळवळ आणि संयुक्त महाराष्ट्र येतो, म्हणून सैनिकासाठी मी तो टाळतो. मला आपला जुना शब्द आवडतो, 'धारातीर्थी पडले'. तलवारीची धार हेच तीर्थ, त्यात जो पडला तो. पण तो युद्धात लढताना गेलेल्यालाच शोभतो. बर्फाखाली गाडला गेला, गाडी दरीत कोसळली, त्याच्यासाठी 'कर्तव्यावर असताना मृत्यू' असं सरळ लिहा. त्यानं तो लहान होत नाही. आणि भाऊ, शब्द कोणताही घाला, पण त्याच्यापेक्षा नाव मोठ्या अक्षरात घ्या. परवा एका चौकात फलक पाहिला. सौजन्य देणाऱ्याचं नाव हातभर आणि जवानाचं वीतभर. रंगवायच्या आधी कागदावर लिहून घरच्यांकडून तपासून घ्या, ऱ्हस्वदीर्घासकट.

प्रश्न : कारगिलनंतर आमच्या धाकट्या दिरांचं पार्थिव आलं तेव्हा त्यांच्यावरचा तिरंगा सासूबाईंच्या हाती दिला होता. सासूबाई गेल्या. तिरंगा ट्रंकेत आहे, घड्यांवर पिवळा पडलाय. धुवावा का? लोक म्हणतात विसर्जन करा. जीव होत नाही.
— एक वाचक भगिनी, खटाव तालुका

उत्तर : ताई, विसर्जन करू नका. जीर्ण झालेला, फाटलेला ध्वज मानानं, एकांतात जाळून नष्ट करावा असं ध्वजसंहिता सांगते, पण तुमचा फाटलेला नाही, पिवळा पडलाय. तो राहू द्या.

1999 मध्ये मी बेळगावला मराठा पलटणीच्या सेंटरला होतो आणि असंच एक पार्थिव घेऊन तुमच्याच भागात आलो होतो. ध्वज चितेवर जाळायचा नसतो, कबरीत उतरवायचा नसतो, म्हणून अग्नी देण्याआधी तो काढतात. आम्ही दोघांनी तो दोन टोकांना धरून घडी घातली. हात थरथरू नयेत म्हणून मी दात आवळून धरले होते. त्या माऊलीनं घेतला आणि पोटाशी धरला, लेकराला धरतात तसा. तुमच्या सासूबाईंनीही तसाच घेतला असेल. म्हणून धुऊ नका. त्याला त्यांचा हात लागलेला आहे.

ट्रंकेतून काढा. सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी स्वच्छ चादरीवर तासभर पसरा. उन्हात नको, रंग उडेल. इस्त्री नको. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. पुन्हा घडी घालताना जुन्या रेषेवर घालू नका, तिथंच तो विरतो. पांढऱ्या मलमलीत गुंडाळा. पावसाळा संपला की दरवर्षी एकदा काढून घडी बदला.

काचेत लावायचा असेल तर फ्रेमवाल्याकडं पाठवू नका, त्याला घरी बोलवा. मागं लाकडी फळीला खिळे मारतात, ते नको. कापडाला कापडाचे टाके घालून बसवायला सांगा. भिंत अशी निवडा जिथं खिडकीचं ऊन येत नाही. आणि फ्रेमच्या मागच्या बाजूला एका कागदावर दिरांचं नाव, नंबर, पलटण, तारीख, आणि हा ध्वज कुणी कुणाच्या हाती दिला ते तुमच्या अक्षरात लिहून चिकटवा. शाईचा पेन घेऊ नका, ओल लागली की पसरतो. पेन्सिलीनं लिहा.